चौथा फोटो

एरंडोलच्या अभिमन फोटोवाल्याला लग्नाच्या फोटोंचा मनापासून कंटाळा. नवरदेव ताठलेला, करवल्या पावडर थापलेल्या, सगळंच खोटं! तरी त्या फोटोंच्या कोपऱ्यात 'अभिमन, एरंडोल' असं नाव टाकायला तो विसरायचा नाही. त्याचा खरा जीव रमायचा एस.टी.त. आठवड्यातून तीनदा अल्बम छापायला तो धुळ्याला जायचा आणि वाटेत मोबाइलवर गुपचूप फोटो काढायचा. कोणी खिडकीला टेकून झोपलेलं, कोणी मनाशीच हसणारं. विचारायचा कोणाला? छे! "विचारलं की माणूस लगेच पोझ देतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्या फोटोंवर मात्र नाव नसायचं, आणि ते कोणाला दाखवायचाही नाही. एवढा साळसूद!

आणि त्या सोमवारी व्हायचं ते झालं. शेजारच्या रांगेत खिडकीशी एक म्हातारबाबा डोळे मिटून बसले होते. पारोळ्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर कोवळं ऊन आलं. अभिमनने अर्ध्या तासात सात फोटो काढले. धुळ्याच्या स्टँडवर कंडक्टरने बाबांना हलवलं, तर ते गेलेले.

अभिमन गर्दीतून सटकला आणि एका हॉटेलाच्या कोपऱ्यात बसून फोटो बघू लागला. पहिल्या तीनमध्ये झोप होती. चौथ्यात डाव्या हाताची मूठ छातीवर आवळलेली. पाचव्यापासून हात मांडीवर सुटलेला. म्हणजे माणूस समोर मरत होता आणि आपण उजेड जुळवत होतो! फोटो पुसावेत, तर उद्या कोणी विचारलं की का पुसले, मग? तेही धाडस होईना. दुकानासमोर गाडी थांबली तरी पोलीसच आले समजून तो आतल्या खोलीत सटकायचा.

पाचव्या दिवशी बाबांची मुलगीच दारात उभी. सुलक्षणा, धुळ्याला दिलेली. तिचे वडील अमृतआबा त्या दिवशी तिच्याकडेच निघाले होते.

"गंधमुक्तीची पत्रिका छापायचीय, भाऊ," तिने आधार कार्ड पुढे केलं. "तेराव्याला विधी आहे, त्याआधी वाटायला हवी. आबांचा दुसरा फोटोच नाही."

कार्डावरचे आबा मोठे केले की नुसता काळा डाग दिसायचा.

"झोपेतच गेले म्हणतात," ती बोलतच होती. "त्रास झाला नाही, तेवढंच बरं."

अभिमनला दया आली, आणि त्या दयेनेच घात केला. "उद्या या, ताई. करतो काहीतरी."

त्याने पहिला फोटो घेतला, खिडकी काढली, मागे निळा रंग भरला. मिटलेले डोळे कॉम्प्युटरवर उघडले. पत्रिकांसाठी असे डोळे त्याने डझनांनी उघडले होते. कोपरा तेवढा रिकामा ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोटो पाहून सुलक्षणा आधी हसली, मग रडली. मग तिचं बोट कॉलरपाशी थांबलं.

"हा चौकटीचा शर्ट मी आखाजीच्या सणाला माहेरी येताना आणला होता. आबा घडीच मोडेनात. त्या सोमवारी पहिल्यांदा घातला, मला दाखवायला." तिने मान वर केली. "भाऊ, हा फोटो कुठून आणला?"

अभिमनला खोटं सुचेना. त्याने मोबाइल पुढे केला. ती एकेक फोटो बघत गेली आणि चौथ्यावर थांबली. तिच्या तोंडी एकदम घरची अहिराणी बोली आली.

"छातीमा दुखे तव्हय आबा अशीच मूठ धरेत. तू समोरच व्हता ना? तुले काय दिसनं, भाऊ?"



"उजेड," तो म्हणाला. "उजेड चांगला पडला होता, ताई."

मग डोळे पुसून तिने चौथाच फोटो उघडा असलेला मोबाइल त्याच्यासमोर ठेवला.

"हाऊच छाप. डोया मिटेलच राहू दे. आनि कोपरामा तुन्हं नाव टाक."