खिडकीतला सागरगोटा

रविवारची सकाळ होती. खोपोलीच्या बाजारात वाडीवरून आलेल्या एका बाईच्या टोपलीतून मी करटुली निवडून घेत होते, तेवढ्यात आमच्या शाळेतल्या शिपाई शेवंतामावशींचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी मावशींचा फोन म्हणजे बहुतेक वेळा किल्ली सापडत नसते, म्हणून त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "कपाटावर बघा." पलीकडून मावशी म्हणाल्या, "टीचर, सिस्टर उठत नाय वो. डाक्टर येऊन गेला." मी "बरं" म्हणाले. खरंच, "बरं" म्हणाले. फोन पिशवीत टाकला आणि त्या बाईला म्हटलं, आणखी पाव किलो द्या. रिक्षात बसल्यावर ध्यानात आलं, की घरी करटुली खाणारी मी एकटी आणि पिशवीत अर्धा किलो आहे. मावशींनी काय सांगितलं होतं ते मला तिथे, रिक्षात कळलं.

सिस्टर रोझलीन आमच्या मुख्याध्यापिका. खालापूरहून कर्जतकडे जाताना आत वळलं की आमची मराठी माध्यमाची कॉन्व्हेंट शाळा लागते, पाचवी ते दहावी. मी तिथे चौदा वर्षं मराठी शिकवते आणि त्यातली अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली गेली. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्यांनी मला फाटकापाशी थांबवून सहावीच्या मुलींच्या रेनकोटबद्दल सांगितलं होतं. सोमवारी बघू, म्हणाल्या होत्या. ज्या माणसाने सोमवारी बघू म्हटलं ते रविवारी मरतं, हे मला आज सहा आठवड्यांनीही पटत नाही. झोपेतच गेल्या. साठीसुद्धा झाली नव्हती.

त्या मूळच्या वसईकडच्या, केळीच्या बागांत वाढलेल्या. बुटक्या, ठाम चालीच्या, पायात बाराही महिने कापडी बूट. बोलणं सरळ, कधी कधी फारच सरळ. त्या नवीन आल्या होत्या तेव्हा एकदा मी नववीच्या वर्गात एका पोरावर संतापले होते; समास ओळखायला सांगितला तर तो नुसता बाकाकडे बघत होता. सिस्टर व्हरांड्यातून जात होत्या. त्यांनी त्याला बाहेर बोलावलं, स्वयंपाकघरात नेऊन खायला घातलं आणि मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "सुनंदा, उपाशी पोराला समास काय विचारतेस? त्याला आधी पोट विचार." मला राग आला होता. वर्गाची शिस्त म्हणून काही असते की नाही, असं मी स्टाफरूममध्ये तावातावाने बोललेही होते. दुसऱ्या दिवशी त्या पोराने सहाच्या सहा समास बरोबर सांगितले. मग मी गप्प बसले, दुसरं काय करणार?

मुलांना काय सलतंय ते कळावं म्हणून त्यांनी आल्या आल्या एक तक्रारपेटी बसवली होती. कुलूपबंद, लाकडी, वर फट. वर्षभरात तिच्यात एकच चिठ्ठी निघाली, "मुलींच्या संडासाला कडी नाय." कडी लगेच बसली, पण पेटी पुन्हा रिकामीच राहिली. अक्षर ओळखलं जाईल म्हणून कोणी लिहीत नव्हतं. मग पाच वर्षांपूर्वी एका शुक्रवारी पेटी उघडली तर आत एक चिंचोका. मी म्हटलं, पोरांचा चावटपणा. सिस्टर तो तळहातावर घेऊन बघत राहिल्या. पुढच्या शुक्रवारी दोन चिंचोके निघाले, त्याच्या पुढच्या शुक्रवारी तीन. त्यांनी वर्गावर्गांत जाऊन मुलांशी गप्पा मारल्या आणि पाचवीतल्या रंजना मुकणेच्या स्कर्टच्या खिशात चिंचोके सापडले. रंजना कातकरवाडीवरची. आईबाप वीटभट्टीवर गेलेले, आजी अंथरुणाला खिळलेली आणि दोन धाकटी भावंडं हिच्या गळ्यात. कागदावर काय लिहायचं ते तिला सुचलं नव्हतं. "पेटीत कायतरी टाकायचं व्हतं, म्हनून टाकलं," एवढंच ती म्हणाली.

सिस्टरांनी पेटी काढून टाकली आणि जिन्याखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, एक मडकं ठेवलं. प्रत्येक वर्गाला मूठभर चिंचोके दिले, वर्गागणिक वेगळ्या रंगाचे. ज्याला आतून बरं वाटत नसेल त्याने चिंचोका टाकायचा. संध्याकाळी मडकं बघायचं आणि ज्या वर्गाचा रंग निघेल त्या वर्गाच्या टीचरने दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मुलांत बसायचं. कोणाचा, म्हणून विचारायचं नाही. नुसतं बसायचं, मूल आपणहून बोलतं. आम्ही मनातून हसलो होतो, पण पहिल्या महिन्यातच आठवीतल्या एका मुलीचं घरी ठरत आलेलं लग्न त्या मडक्यामुळे थांबलं आणि आमचं हसणंही थांबलं.

मग त्या म्हणाल्या, टीचर लोकांना काय दुःखं नसतात? रंजनाने रानातल्या जाळीतून सागरगोटे आणून दिले, त्यातला एकेक आम्हा अकरा जणांना वाटला. बारावा सिस्टरांनी स्वतःच्या खिशात टाकला. "मी पण इथंच कामाला आहे ना गं," म्हणाल्या, तेव्हा सगळे हसले होते. मोठ्यांसाठी नियम थोडा वेगळा होता. मडक्यात सागरगोटा निघाला की तो स्टाफरूमच्या खिडकीत ठेवायचा, आणि ज्याचा असेल असं वाटतं त्याला चहा करून द्यायचा, जवळ बसायचं. इथेही विचारायचं नाही. ज्याचा त्याने हलकं वाटलं की आपला सागरगोटा खिडकीतून उचलायचा. मडकं बघायचं काम माझ्याकडे होतं, आणि माणसं ओळखण्यात आपला हातखंडा आहे असा माझा समज होता. माझी सासू गेली तेव्हा मात्र माझाच सागरगोटा त्यात पडला होता. त्या वेळी माझ्यासमोर चहाचा कप ठेवून सिस्टर शेजारी वह्या तपासत बसल्या होत्या. मी अर्धा तास रडले.

यंदा रंजना दहावी झाली. दहावीचा गुणगौरव हा आमच्याकडे वर्षातला मोठा दिवस, आणि तोही सिस्टरांच्या पद्धतीचा. खालापूरच्या नाक्यावर निकालानंतर क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात, वर तीन-चार हसरे चेहरे आणि टक्के. आमच्या फ्लेक्सवर सगळा वर्ग असतो, आडनावांच्या क्रमाने, नापास झालेले धरून. प्रत्येकाच्या फोटोखाली एक ओळ. "शाळेतले सगळे पंखे याने दुरुस्त केले." "हिला रानातली प्रत्येक पालेभाजी ओळखता येते," ही रंजनाची. जी दोन मुलं गणितात राहिली त्यांच्याखाली होतं, "पुन्हा बसणार आहे, तयारी चालू." दोन वर्षांपूर्वी पहिल्या आलेल्या मुलीचे वडील, साजगावच्या कारखान्यात फोरमन, तणतणत ऑफिसात आले होते, "सिस्टर, माज्या पोरीचा फोटो शोधायला लागतो हो." सिस्टर म्हणाल्या, "शोधा ना. शोधताना बाकीची पोरंपण दिसतील." ते गृहस्थ नाक्यावर जाऊन फ्लेक्ससमोर उभे राहिले म्हणे. पुढच्या वर्षीपासून तो फ्लेक्स बांधायला शिडी घेऊन तेच येतात.

जूनच्या अखेरीस, शनिवारी, यंदाचा गुणगौरव झाला. निवेदन माझ्याकडे होतं. सिस्टर स्टेजच्या तीन पायऱ्या चढताना मध्ये कठड्याला धरून थांबल्या. कपाळावर घाम होता. मी माइकवर हात ठेवून विचारलं, "बरं वाटत नाही का?" त्या म्हणाल्या, "काही नाही गं, गॅस झालाय. तू पुढचं नाव घे." मी पुढचं नाव घेतलं. तेवढं विचारलं हे माझं मला समाधान... पण विचारायचं नाही, बसायचं, असा नियम होता ना? त्या दिवशी सिस्टरांनी प्रत्येक मुलाला जवळ घेऊन त्याची ओळ वाचून दाखवली. रंजनाच्या वेळी त्यांचा आवाज लागेना, तर आम्हाला वाटलं भरून आलं. मग पेढे झाले, नाच झाला, फोरमनसाहेबांनी शिडी उतरवली.

सोमवारी संध्याकाळी मी मडक्यात हात घातला तर हाताला सागरगोटा लागला. मी तो खिडकीत ठेवला आणि डोकं चालवलं. गणितात दोन मुलं राहिली, म्हणजे पाटील सर. शनिवारी ते कोपऱ्यात एकटेच बसले होते, पेढाही घेतला नव्हता. मला जराही शंका आली नाही. मंगळवारी मधल्या सुट्टीत आलं घालून चहा केला, त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारी बसले. आणि पाटील सर बोलले की हो! मुलीचं पुण्याच्या कॉलेजात जमत नाही, आईचे गुडघे, नापास झालेल्या पोरांच्या घरी जायची हिंमत होत नाही, सगळं बोलले. मी स्वतःवर खूश होते.

ते बोलत असताना सिस्टर दारात आल्या. मी त्यांना डोळ्यांनीच खिडकी दाखवली, आणि पाटील सरांकडे बघून हलकेच मान हलवली, म्हणजे बघा, काम झालं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं आता वाटतं. मग म्हणाल्या, "आणखी एक कप आहे का गं?" मी म्हटलं, "संपला सिस्टर. मावशींना करायला सांगू?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "छान केलंस," असंही म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर त्या बारा दिवस जगल्या. रोज फाटकाशी उभ्या राहून मुलांची तोंडं बघत होत्या. सागरगोटा खिडकीतच होता. मला वाटलं, पाटील सर विसरले. एकदा मी त्यांना कोपरखळीही मारली, "सर, अजून हलकं वाटत नाही वाटतं?" ते ओशाळं हसले. त्यांना वाटलं, मी त्यांच्या पोटाबद्दल बोलतेय.

मातीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे स्टाफरूममध्ये नुसतेच बसलो होतो. मी पाटील सरांना म्हणाले, "सर, तेवढा सागरगोटा उचला आता. सिस्टरांना बरं वाटेल." ते खिडकीकडे गेले, थांबले, आणि शर्टच्या खिशात हात घालून म्हणाले, "पण हा माझा नाही टीचर. माझा इथं आहे." त्यांनी खिशातला सागरगोटा टेबलावर ठेवला. मी पर्समधून माझा काढला. मग एकेकाने आपापला काढून ठेवला. टेबलावर अकरा झाले. अकरा म्हणजे आम्ही सगळे. बारावा खिडकीत.

कोणीतरी पाणी दिलं ते मी हातात धरून बसले. त्यांच्याबरोबर राहणाऱ्या धाकट्या सिस्टर नंतर सांगत होत्या, महिनाभर त्या गॅसच्या गोळ्या खात होत्या. दवाखान्यात जा म्हटलं तर म्हणायच्या, गुणगौरव होऊ दे, मग मुलांची ॲडमिशनं होऊ देत. डॉक्टर म्हणाले, आधी दाखवलं असतं तर... आणि वाक्य त्यांनी सोडून दिलं. मी ते रोज पूर्ण करते.

मी त्यांच्यावर रागावले आहे, हेही लिहायला हवं. अकरा वर्षं आम्हाला बोला, बोला म्हणून शिकवलं, आणि स्वतःवर आली तेव्हा जिन्याखाली जाऊन मडक्यात सागरगोटा टाकला? मला हाक मारून म्हणायचं होतं, सुनंदा, छातीत दुखतंय. पण हे लिहितानाही मला कळतं, की त्यांनी सांगितलं होतं. आमच्या शाळेत जसं सांगतात तसंच सांगितलं होतं. कप मागितला तेव्हा दुसऱ्यांदा सांगितलं. माझ्याच मनात एकदाही आलं नाही, की मुख्याध्यापकांच्या खिशातला सागरगोटाही मडक्यात पडू शकतो.

मागच्या आठवड्यात रंजना दाखला न्यायला आली होती. कर्जतला अकरावीला जाते आता. स्टाफरूमच्या खिडकीशी ती थांबली. आपण आणलेला सागरगोटा ती ओळखणारच. "ह्यो कोनाचा, टीचर?" मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, पाटील सरांचा चहासुद्धा. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मंग सिस्टरांजवळ कोन बसलं?"

मी बाकावर टेकले. तीही दाखला घेऊन थोडा वेळ माझ्याजवळ बाकावर बसली, एसटीची वेळ होईपर्यंत.

मडकं अजून जिन्याखाली आहे आणि संध्याकाळी मीच बघते. सागरगोटा निघाला की आता सगळ्यांचा चहा होतो, डोकं कोणी चालवत नाही. नव्या मुख्याध्यापिका परवा आल्या, त्यांनी खिडकीतला सागरगोटा बघून विचारलं, हा उचलायचा का? शेवंतामावशी फडक्याने खिडकी पुसत होत्या. त्या सागरगोट्याच्या भोवतीने फडकं फिरवत म्हणाल्या, "नाय सिस्टर. ज्याचा त्यानंच उचलायचा असतो."