दहा फॉर्म लागतात

किस्से साठतात ते ऐकणारं कुणी नसल्यामुळं, असं माझं मत झालंय. ज्याला संध्याकाळी सांगायला माणूस असतं, त्याचे किस्से त्याच दिवशी संपतात. माझे तीन वर्षांचे शिल्लक आहेत!

मी जर्मनीत शिकले, तिथंच एका कंपनीत नोकरी केली आणि परभणीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला परत आले. विषय इंडस्ट्रियल कंट्रोल. कारखान्यातलं तापमान, दाब, पाण्याची पातळी हवी तिथं आपोआप टिकवून ठेवायची विद्या. आपल्याकडं कापसाच्या जिनिंगमधलं कंट्रोल पॅनल बिघडलं की पुण्याहून माणूस येईपर्यंत काम बंद. तो माणूस इथलाच का नसावा? एवढ्या एका प्रश्नासाठी मी परत आले.

पण विषय ऐच्छिक. दहा मुलांचे फॉर्म आले तरच चालतो. पहिली दोन वर्षं आले नाहीत, म्हणून मी पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग शिकवलं.

*

रुजू झाले त्या आठवड्यात लॅब अटेंडंट शिंदेमामांनी कपाट उघडून दाखवलं. आत नवंकोरं कंट्रोल पॅनल. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. त्यावर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूचा वाळका हार.

"दर खंडेनवमीला पूजा करतो, मॅडम. एकदा बी खाडा न्हाई."

"आणि चालू कधी केलं होतं?"

"चालू कशाला करायचं? सात वर्षं झाली, एकदा बी बिघडलं न्हाई!"

*

ड्रॉइंगच्या तासाला मी हळूच कंट्रोल घुसवायचे. एकदा बोरीचा गजानन म्हणाला, "आमच्याकडं हाय की ऑटोमेशन! लाइट आली की मोटार आपोआप सुरू."

सगळ्यांच्याच विहिरींवर ऑटो स्विच. त्यामुळं लाइट आली की साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू, आणि डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळते. मी फळ्यावर उपाय मांडला. प्रत्येकानं थोड्याथोड्या मिनिटांच्या अंतरानं सुरू होईल असा टायमर लावायचा. स्वस्तात काम!

गजानननं मन लावून ऐकलं. "पटलं, मॅडम. आजच शेजारच्यांना लावायला सांगतो."

"आणि तुझ्या मोटारीला?"

"आमची पहिली!"

*

आमचं घर ताडकळसला. दादा, म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. मी परभणीत खोली घेऊन राहते. एका रविवारी दादा चहा पिता पिता म्हणाले, "बाजारात लोक विचारतात, पोरगी परत का आली? काढून टाकलं का?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"सुट्टीवर आलीय म्हणतो."

"दादा, तीन वर्षं झाली!"

"तेच म्हणायलेत लोक. लय चांगली कंपनी दिसती!"

मी खूप हसले. परतीच्या बसमध्ये मात्र हसू आलं नाही.

*

या वर्षी विभागप्रमुखांनी आपुलकीनं सल्ला दिला. "मॅडम, विषयाच्या नावात एआय घाला. आत काय शिकवायचं ते शिकवा."

मी नाही म्हणाले. वर्गावर्गात गेले, होस्टेलच्या मेसमध्ये उभी राहून बोलले. मुलं जेवता जेवता माना डोलवत होती. भाषणाला की भाजीला, कळत नव्हतं. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत नऊ फॉर्म झाले.

दहाव्या फॉर्मसाठी मी पिंगळीच्या सुनीताला गाठलं. ती रोज रेल्वेनं येते.

"विषय आवडतोय, मॅडम. पण तुमचा तास शेवटचा ठेवलाय. माझी गाडी चुकती."

मी टाइमटेबल घेऊन चौघा शिक्षकांच्या हातापाया पडले आणि तास सकाळी आठचा करून घेतला. सुनीतानं उभ्या उभ्याच सही केली. विषय सुरू झाला!

पहिल्या तासाला मी पावणेआठला हजर. आठ वाजता सुनीता आली. सव्वाआठपर्यंत आणखी कुणी आलं नाही. बाकीचे नऊ जण होस्टेलवाले. दोन मिनिटांवर राहतात, म्हणून झोपलेले.

"एकटीलाच शिकवणार, मॅडम?"

"हो तर!"

मी फळ्यावर आकृती काढली. पाण्याची टाकी, झडप, पातळी मोजणारा सेन्सर, परत झडपेकडं जाणारा बाण. पातळी ढळली की झडप ती कशी सावरते, हे जीव तोडून समजावलं. सुनीतानं सगळं वहीत उतरवून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

"मॅडम, एक विचारू का? तिकडं तुमाला करमत होतं?"

"होतं की."

"अन् इथं?"

मी फळ्याकडं वळले. खडू घेतला. टाकी काढली, झडप काढली, सेन्सर काढला, बाण जोडला.

"मॅडम," ती मागून हळूच म्हणाली, "हीच टाकी शेजारी आधीच काढली हाय की!"