गच्चीवरचं वजन

लातुरात आम्ही भाड्यानं राहत होतो, त्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर येणार असं कळलं. गल्लीतल्या लोकांना किरणांची भीती वाटली. आमच्याजवळ राहणाऱ्या माझ्या चुलतीला मात्र वजनाची वाटली. ती मूळची किल्लारीची. पहाटेच्या भूकंपात घराच्या मातीच्या माळवदाखाली दबली होती, दुपारी लोकांनी तिला बाहेर काढलं.

सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज घेऊन आम्ही महापालिकेत गेलो. चुलती हट्टानं सोबत आली.

तिथले साहेब म्हणाले, "मावशी, इमारत पक्की हाय. इंजिनिअरचा दाखला हाय."

"आमचं घर बी पक्कंच म्हणायचे समदे," ती म्हणाली.

त्यांनी अर्ज ठेवून घेतला. पुढं काहीच झालं नाही. सह्या करणारेही हळूहळू गप्प बसले.

टॉवरचं लोखंड घेऊन माणसं आली त्या सकाळी चुलती एकटीच जिन्यात आडवी बसली. घरमालक मला म्हणाले, "तिला उठवा, न्हाईतर खोली रिकामी करा." पोरांच्या परीक्षा तोंडावर होत्या. मीच तिला दंडाला धरून उठवलं. माणसं तिच्या समोरून लोखंड वर घेऊन गेली.

त्याच आठवड्यात ती किल्लारीला भावाच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेली. मी आणायला गेलो, तर चहा करून दिला आणि म्हणाली, "तू ऱ्हा बाबा तिथं. मला न्हाई जमायचं."

मी दुपारच्या बसनं एकटाच परत आलो.