कुलूपकाकांचं खातं

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या मागे सर्व्हरची खोली होती. ती सांभाळणाऱ्याला सगळे कुलूपकाका म्हणत, कारण दार लावून निघालेले हे गृहस्थ कुलूप ओढून बघायला दोनदा तरी परत यायचे. बावीस वर्षं त्यांनी रुग्णांचे रिपोर्ट आणि एक्स-रे जपले. पण वाट वाकडी करून त्या खोलीत कुणी आलं नाही. काही बंद पडलं की फोन, सुरू झालं की सामसूम.

आज त्यांचा शेवटचा दिवस. पाच वाजता त्यांचं खातं बंद होणार होतं आणि नवं बॅकअप सॉफ्टवेअर तीन दिवस झाले तरी ताळ्यावर येत नव्हतं. हाताने चालवलं की चालायचं, ठरल्या वेळी आपणहून चालायचं म्हटलं की लाल फुली. त्यांनी ते पुन्हा इन्स्टॉल केलं, डिस्क बदलली, केबलसुद्धा उपसून पुन्हा खोचली.

दुपारी रेकॉर्ड विभागातल्या बाईंचा फोन आला. "काका, चाललं का हो ते? की तेही तुमच्याबरोबर रिटायर?"

"अजून रुजूच व्हायला तयार नाही."

"मग जावईच की! फुगून बसलंय. जरा गोडीत घ्या."

फोन ठेवून काकांनी सॉफ्टवेअरची नोंद ओळ न् ओळ वाचली. एका ओळीत लिहिलं होतं: पासवर्ड चुकीचा. त्यांनी कपाळावर हात मारला. काखेत कळसा अन् गावाला वळसा! सोमवारी त्यांनी स्वतःचा पासवर्ड बदलला होता आणि सॉफ्टवेअर जुनाच घेऊन बसलं होतं. या खोलीतलं सगळं ते स्वतःच्या खात्यावर चालवायचे. हेही तसंच लावलं होतं.

त्यांनी नवा पासवर्ड भरला. हिरवी खूण आली.

ती पाचपर्यंतच टिकणार, हे त्यांना कळत होतं. उद्या पुन्हा लाल. मग नव्या माणसाला काही उमगणार नाही, फोन येईल, "काका, जरा येता का?" इस्त्रीचा शर्ट घालून यावं लागेल. घरी फोन वाजायचा तो रविवारी, लेकीचा, आणि तीही घाईत असायची. काका हात मांडीवर ठेवून बराच वेळ त्या हिरव्या खुणेकडे बघत राहिले.

गेल्या वर्षी डिस्क गेली होती. तेव्हा एका बाईचा जुना एक्स-रे बॅकअपमधूनच काढला होता आणि त्यावरून तिचं ऑपरेशन ठरलं होतं. फोन येईपर्यंतच्या दिवसांत अशी कुणी आली तर?

त्यांनी बॅकअपसाठी वेगळं खातं उघडलं, कुणाच्याच नावाचं नसलेलं. पुन्हा लाल! एक्स-रेचे फोल्डर त्याला वाचता येईनात, कारण तेही काकांच्याच नावावर. अकरा फोल्डर. एकेकाची परवानगी त्यांनी नव्या खात्याला दिली, आपलं नाव काढलं. साडेचारला, बाकीची खाती जिथून उघडता-बंद करता येत त्या मुख्य खात्यातून, स्वतःचं खातंही बंद करून टाकलं. त्याशिवाय खात्री कशी व्हायची?

पावणेपाचला बॅकअप आपोआप सुरू झाला आणि पुरा झाला. हिरवी खूण. त्यांनी सवयीने शेजारच्या मशीनवर आपलं नाव टाकलं. मशीनने घेतलं नाही.

त्यांनी रेकॉर्ड विभागात फोन लावला. "झालं बरं का. आता आपलं आपण चालेल."

"बरं झालं बाई! म्हणजे तुम्हाला उगाच घरी फोन करून त्रास द्यायला नको."

"हो," काका म्हणाले. "नकोच."

खोलीला कुलूप लावून किल्ली त्यांनी पहारेकऱ्याकडे दिली. फाटकापर्यंत गेले, आणि कुलूप ओढून बघायला परत आले.