वरची मिमी, खालची मिमी

दगडी लाद्यांच्या त्या गोदामात छतालगत एक क्रेन सरकत असे, आणि क्रेनच्या काचेच्या खोलीत बसणाऱ्या बाईला सगळे मिमी म्हणत. हे नाव तिच्या धाकट्या भावाने दिलेले. बोबड्या वयात तिचे लांबलचक नाव त्याच्या जिभेला पेलेना, म्हणून त्याने आपल्यापुरते एक बनवून घेतले. पुढे तो एकदा गोदामाच्या फाटकाशी तिला हाक मारून गेला, आणि ते नाव तिथेच राहिले. नाना मुलखांतली, एकमेकांची घरची भाषा न येणारी माणसे तिथे पोटासाठी जमली होती. सर्वांना झेपेल असा एखादा शब्द त्यांना हवाच होता. कापणी यंत्रावरच्या म्हाताऱ्याच्या गावी आजीला मिमी म्हणत. पॉलिशवाल्याच्या घरी ते मांजरीचे नाव होते. गाडी भरणाऱ्याची थोरली लेक मिमीच होती. त्यामुळे जो तो तिला आपल्या घरातली समजून हाक मारी, आणि तीही निमूट ओ देई.

हळूहळू त्या नावाचा हुकूम झाला. तुटक हाक म्हणजे थांब. लांबवलेली म्हणजे खाली सोड. हे कुणी ठरवले नव्हते, अंगवळणी पडले होते. टोपणनावाने माणूस जवळ येतो असे आपण मानतो. त्याने तो वापरायला सोपाही होतो, हे बोलायचे राहून जाते. मिमीला मात्र त्याचे वाईट वाटत नसे. माणसांच्या डोक्यावरून जाणारे ओझे आपल्या हातात आहे आणि ते थोपवणारा शब्द सर्वांपाशी आहे, याचा तिला आधार वाटे.

मग लाद्यांना पट्टा बांधून तो हुकात अडकवायला एक नवी मुलगी आली. मुकादमाने नाव विचारले, तिने सांगितले.

"हे म्हणता म्हणता जेवणाची सुट्टी होईल," मुकादम म्हणाला. "घरी काय म्हणतात?"

"मिमी."

हशा पिकला. "एक वर, एक खाली!" पॉलिशवाला म्हणाला. "आता मधे लटकायचं तेवढं आपण!"

वर काचेआड मिमीच्या काळजात धस्स झाले.

त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. 'मिमी, पाणी आण', 'मिमी, बघ इकडे' अशा हाका दिवसभर उठत, आणि प्रत्येक हाकेला तिचा हात क्रेनच्या दांडीवर आखडे. लादी अधांतरी झुलत राही. शेवटी जेवणाच्या सुट्टीत शिडी उतरून ती मुकादमाकडे गेली.

"त्या पोरीला दुसऱ्या नावानं हाका मारा, साहेब. कोण कुणाला बोलावतंय, मला कळत नाही."

"इतकी वर्षं झाली, अजून हाक ओळखू येत नाही? कान काय घरी ठेवून येता?"

"ठेवता आले असते तर भीती तरी वाटली नसती."

"घाबरता काय लहान मुलासारख्या? जरा डोकं चालवा. आपली कुठली, तिची कुठली, कळतं ते."

रात्री भावानेही थट्टाच केली. "मीच दिलंय ना? मग मीच परत घेतो. उद्यापासून काय म्हणू, महाराणी?" तिला हसू आले नाही.

तिने डोके चालवले. हाक आली की आधी विचार करायचा, मग हात हलवायचा. घात झाला तो इथेच.

एके दुपारी एक रुंद लादी गोदामाच्या या टोकाकडून त्या टोकाला चालली होती. कापणीवाला म्हातारा ओरडला, "मिमी!" खाली मुलगी लाद्या टेकवून ठेवायच्या घोडीपाशी उभी होती, थोड्याच वेळापूर्वी म्हातारा तिची थट्टा करत होता. तिलाच बोलावतोय, असे वरच्या मिमीने धरले आणि क्रेन चालू ठेवली. मुलीलाही तेच वाटले. ती वळून त्याच्याकडे चालू लागली. तेवढ्यात पट्टा निसटला. मुलगी जिथून हलली होती तिथेच लादी आदळून फुटली, ठिकऱ्या उडाल्या.

"तुला नाही, वरच्या मिमीला ओरडलो होतो!" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "पट्टा सरकत होता!"

"मला वाटलं मलाच बोलावताय, आजोबा," मुलगी म्हणाली आणि मटकन खाली बसली.

"वाचली ना? मग झालं," मुकादम म्हणाला, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मिमीला शिडी उतरवेना. दोघींनी एकच चूक केली होती. मुलीच्या चुकीने मुलगी वाचली. वरच्या मिमीच्या चुकीने ती मेली असती. यात मुलीची हुशारी नव्हती, कुणाचीच नव्हती. मिमीची पाचावर धारण बसली ती या जाणिवेने.

दुसऱ्या दिवशी वर चढण्याआधी ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "आजपासून कुणीही कुणालाही मिमी म्हटलं, की क्रेन थांबणार. सगळे बाजूला झाल्याशिवाय हलणार नाही."

"कामाचा खोळंबा होईल," मुकादम म्हणाला. "तुमच्या जागी दुसरा बसवावा लागेल."

नोकरीची भीती काही खोटी नव्हती. "बसवा," ती कशीबशी म्हणाली. "पण त्यालाही हेच सांगा."

आणि ती थांबत राहिली. पाण्यासाठी हाक गेली, क्रेन थांबली. बाहेर गाड्यांची रांग लागली. मुकादम दुसरा माणूस आणायची धमकी देत होता. पण आदल्या दिवसाच्या ठिकऱ्या अजून कोपऱ्यात पडल्या होत्या, आणि तिथे नजर गेली की धमकी अर्धवटच राही. शेवटी आपल्या टेबलासमोर लटकलेल्या लादीकडे बघत पॉलिशवाला वैतागून ओरडला, "ए पोरी, तुझं खरं नाव काय ते सांग बाई एकदाचं!"

तिने सांगितले.

"पुन्हा. सावकाश."

तिने तुकडे पाडून सांगितले. म्हाताऱ्याच्या दातांच्या फटींतून मधला तुकडा निसटत होता, गाडी भरणारा शेवट विसरत होता, मुकादम मनातल्या मनात घोकत होता. मुलगी न कंटाळता प्रत्येकाची चूक सुधारत होती. दिवस मावळेपर्यंत ते नाव गोदामभर ठेचकाळत का होईना, पण सबंध फिरू लागले.

वर मिमी ऐकत होती. खाली कुणी तोंड उघडले की अजूनही तिचा हात दांडीकडे धावे. ते लांब नाव शेवटच्या अक्षरापर्यंत उच्चारून होईतो ती ओझे जागेवर धरून ठेवी, आणि मग श्वास सोडून पुढे सरके.