खुर्च्या रिकाम्या होत्या

संस्थेच्या ऑफिसात तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. बस म्हणून कुणी म्हणालं नाही. मी उभा. माझी नात सुजाता माझ्या बाजूला उभी.

अध्यक्ष माझ्या पोराच्या वयाचा. मी पंच्याहत्तरीच्या पुढचा. तो मला अरे म्हणाला, मी त्याला साहेब म्हणालो. हे आमच्याकडं असंच चालत आलंय.

काम एवढंच होतं. सुजाता त्याच्याच कॉलेजातून बारावी झाली, पहिली आली. तिला युरोपातल्या एका विद्यापीठात जायचं होतं. शिकवायची तऱ्हा अमेरिकेसारखी, पोरं साऱ्या जगातली. फी तेच माफ करणार होते, पैशाचा प्रश्न नव्हता. फक्त तिच्या मॅडमनी तिच्याबद्दल चार शब्द लिहून पाठवायचे होते. मॅडम तयार होत्या. अध्यक्षानं त्यांना अडवलं होतं. कावून अडवलं, ते विचारायला आम्ही आलो होतो.

अध्यक्ष हसला. बाजूला बसलेल्या दोघांकडं बघून म्हणाला, "अमेरिकन शिकायचंय तर अमेरिकेत जावं की. युरोपात अमेरिकन म्हणजे बाजारातला डुप्लिकेट माल." ते दोघंही हसले. मग माझ्याकडं वळला. "हिला आपल्याच नर्सिंगला घाल. लग्न होईस्तोवर शिकंल. तुमच्या लोकांना एक पायरी चढली की लगेच माडीवर जायचं असतं."

मी म्हणालो, "जी."

जी. हात जोडले आणि वळलो.

बाहेर आलो. उंबऱ्याजवळ चपलांचा एकच जोड पडला होता. माझा. आतले सगळे बूट घालून बसले होते. सुजाताच्या चपला तिच्या पायातच होत्या. काढा असं कुणी म्हणालं नव्हतं. तशी पाटीही नव्हती.

येष्टीनं गावी आलो. उतरताना सुजाता म्हणाली, "आबा, चपला कावून काढल्या?"

"पाय दुखत व्हते," मी म्हणालो. खोटं.

हा कावून एकदा माझ्याही तोंडात होता. दुसरीत होतो तेव्हा. आम्ही बौद्ध झालो होतो. बापानं गावातली मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं होतं, घरातले देव काढले होते. शाळेत मात्र माझी जागा होती तिथंच. दाराबाहेर, गुरुजींच्या वहाणा पडायच्या तिथं. एक दिवस मी उभा राहिलो आणि म्हणालो, "गुरुजी, मी कावून भाईर?"

गुरुजी जागचे उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "वहाणांनी प्रश्न विचारायचे नसतात."

पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. बोलवायलाही कुणी आलं नाही. पुढं ऊस तोडला, विहिरी खोदल्या, रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मोर्चात गेलो, घोषणा दिल्या. जयंतीला सगळ्यात पुढं मीच. लोक म्हणायचे, म्हातारा लई ताठ हाय. मलाही तसंच वाटायचं.

तालुक्याहून आलो त्याच आठवड्यात त्या विद्यापीठातली बाई फोनवर आली. तिला घरच्यांशी बोलायचं होतं. सुजातानं फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. ती आणि सून खाली बसल्या, मी खाटेवर. नुकताच बाहेरून आलेलो, चपला पायातच. पडद्यावर गोरी बाई दिसली आणि मी उठलो. पाय आपोआप चपलांतून बाहेर. हात जोडलेले. मान खाली.

बाई काहीतरी बोलली. सुजाताचा चेहरा दगड झाला. "आबा, ती इचारती, तुमच्या आजोबांना बसायला जागा न्हाई का?"

माझं घर. माझी खाट. माझ्या हातानं रचलेल्या भिंती. बाईला माझे पाय दिसतसुद्धा नव्हते. तरी काढल्या.

तेव्हा कळलं. गुरुजी कधीचे मेले. अध्यक्ष तालुक्याला बसलाय. पण दोघंही माझ्या गुडघ्यात घर करून आहेत. आणि इतकी वर्षं त्यांना पोसलं कुणी? मीच.

बसलो. चपला घातल्या. म्हणालो, "तिला इचार. पोरीनं मास्तरला कावून म्हणलं, तर मास्तर काय करतो?"

  बाई म्हणाली, मास्तर उत्तर देतो. येत नसलं तर येत नाही म्हणतो. वर्गात थोडीच पोरं, गोल करून बसतात, मास्तर त्यांच्यातच. जो काही विचारत नाही, त्याचीच तिथं पंचाईत.

तोंडानं सगळेच गोड असतात. मी काही भुललो नाही. गोऱ्यांतही उभं ठेवणारा कुणीतरी असणारच, ते फोन बंद झाल्यावर मी पोरीला सांगितलं. पुणं कावून नको, तेही विचारलं.

सुजाता म्हणाली, हितं पहिल्याच दिवशी एक विषय धरून बसावं लागतं. "मला दोन पायजेत. जमिनीत पाणी कुठं असतंय ते. आन आपल्या वस्तीत ते सगळ्यात शेवटी कावून येतंय ते. तिथं दोन्ही शिकून बघायचं, मग ठरवायचं." मग हळूच म्हणाली, "आन तिथं आपल्या आडनावावरनं कुणाला काय कळत न्हाई."

मी भडकलो. "लपायला जाणार असशील तर नर्सिंगच बरं."

"लपायला न्हाई, आबा. मीच सांगणार हाय. पण माझ्या तोंडानं. मला वाटंल तवा."

हे मला पटलं.

दुसऱ्या दिवशी एकटाच तालुक्याला गेलो. चपला घालून ऑफिसात शिरलो. खुर्ची ओढली. बसलो.

अध्यक्ष म्हणाला, "कुणी बस म्हणलं बे तुला?"

"कुणीच न्हाई. वाट बघत ऱ्हायलो असतो तर उभ्यानंच मेलो असतो."

 आवाज हलला नाही. मी म्हणालो, मॅडमला लिहू द्या. मी भीक मागायला आलो नाही. पोरीनं कमावलंय ते तिचं हाय. ते मिळंस्तोवर मी हितंच. शिपाई उठवायला आला, तर मी खुर्चीचे दोन्ही हात धरले. प्रवेशाला आलेली पोरं आणि त्यांचे आईबाप दारात जमले. सगळे बघत होते. मी त्यांच्याकडं बघत होतो.

शेवटी त्यानं मॅडमला बोलावलं. "लिहा काय लिहायचं ते," म्हणाला. थुंकल्यासारखं. मॅडमनी मान डोलावली आणि त्या लिहायला गेल्या.

मग मला म्हणाला, "नापास होऊन येईल परत. तेव्हा ह्याच दारात येशील."

"आली तर तिच्या घरी येईल," मी म्हणालो. "तुमच्या दारात आमचं आता कुणी येणार न्हाई."

आणि मी माझ्या वेळेनं उठलो.

मॅडमचं पत्र गेलं, तिकडून होकार आला. पोरगी येत्या महिन्यात जाते. त्या गावाचं नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाही. नको बसू दे. तिथं कुणी तिला उभं ठेवलं तर काय करायचं, ते तिला ठाऊक आहे.

मी विहारात चपला काढतो. तिथं माझ्या मर्जीनं काढतो. बाकी कुठं नाही. अध्यक्षापुढं नाही, गोऱ्या बाईपुढं नाही. सुनेला सांगून ठेवलंय, मेल्यावर मला न्याल तेव्हाही त्या पायातच असू दे.