फळीवरचा बिल्ला

आखातात, सीबजवळच्या यार्डात आम्ही तेलाच्या टाक्या आत उतरून साफ करायचो. नव्वदच्या दशकात तिथे वेल्सचा एक साहेब आला, पूर्वीचा कोळशाच्या खाणीतला कामगार. त्यानं प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला दिला. टाकीत उतरताना तो फळीवर टांगायचा, वर आलं की काढून घ्यायचा. लेकाचा पाळत ठेवतोय, मी सगळ्यांना सांगितलं. खिशातही सारखं काहीतरी चाचपायचा, छोटा टेपरेकॉर्डरच असणार! एकदा मी मुद्दाम बिल्ला न काढता खोलीवर निघून गेलो. सकाळी कळलं, मला शोधायला साहेब स्वतः टाकीत उतरला होता. तो ओरडला नाही. खिशातून एक झिजलेला बिल्ला काढून म्हणाला, "आमच्या गावच्या खाणीत हा फळीवरच राहिला. माझ्या बापाचा."